डबीत न पडलेलं शेपूट

वस्तादचे हात आणि वस्तादचं तोंड ही एकाच धडावर बसवलेली दोन वेगळी माणसं होती. हात अबोल, सबुरीचे. तोंड म्हणजे सुटलेला पट्टा. पण हात इतके चांगले की लोक तोंड चालवून घ्यायचे. "वस्ताद माणसाला सोलतो, पण इंजिनाला ओरखडा उठू देत नाही," असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि हे ऐकून वस्ताद आणखी दोघांना सोलायचा.

त्याचं नाव झालं होतं ते एका कामावर. स्पार्क प्लगच्या भोकाचे आटे गेले की बाकीचे गॅरेजवाले मान हलवतात आणि म्हणतात, इंजिनाचं हेड उतरवावं लागेल. वस्ताद हेडला हातच लावायचा नाही. आटे पाडायच्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचा, अर्धा फेरा द्यायचा, टॅप बाहेर काढून कीस पुसायचा, नवं ग्रीस भरायचा, पुन्हा अर्धा फेरा. नवे आटे पडले की त्यात पोलादी तारेची कॉईल फिरवून बसवायची. मग प्लग त्या कॉईलमध्ये बसतो आणि इंजिन म्हातारं होईपर्यंत हलत नाही.

या कॉईलला खालच्या टोकाला एक वाकडं शेपूट असतं. कॉईल फिरवायला हत्यार तिथं अडकवायचं. कॉईल बसली की शेपटाचं काम संपलं. लांब चोचीच्या पकडीनं ते धरायचं, मोडायचं आणि बाहेर काढायचं. आत पडलं तर लोहचुंबकालाही दाद देत नाही, त्या पोलादाची जातच तशी. म्हणून वस्तादच्या गुरूनं त्याला एक नियम घालून दिला होता: शेपूट डबीत पडल्याचा आवाज कानांनी ऐकल्याशिवाय प्लग हातात घ्यायचा नाही. खिडकीत बूटपॉलिशची एक रिकामी डबी होती. तिच्यात आजवरच्या सगळ्या कॉईलींची शेपटं. वस्ताद कधीतरी ती डबी खुळखुळ्यासारखी वाजवून गिऱ्हाइकाला दाखवायचा. "ही माझी सगळी पदकं."

आता त्याचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे 'वादळ' म्हणायचे, कारण तो दार उघडायच्या आधीच आत यायचा. त्याच्या हातून कपबशा फुटायच्या, कड्या निखळायच्या, आणि दर वेळी तो इतक्या मनापासून "सॉरी हं" म्हणायचा की समोरच्याला राग आवरावा लागायचा. वस्तादनं एका लाँड्रीच्या मालकीणबाईंकडे शब्द टाकून त्याला तिथल्या व्हॅनवर चिकटवलं होतं. हॉस्पिटलच्या चादरी न्यायच्या, आणायच्या. तिथं मात्र वादळ शांत झालं होतं. गाडी पुसायचा, तेल बघायचा, वेळेत पोचायचा. पण एकदा माणसाचं नाव पडलं की पडलं. नंतर त्यानं बर्फासारखं वागून दाखवलं तरी लोक खिडक्या लावूनच घेतात.

व्हॅन रस्त्यात फुरफुरायला लागली तेव्हा त्यानं नको ते केलं. तापलेल्या इंजिनात स्वतःच नवा प्लग घातला, तो वाकडा गेला, आणि लांब पान्यानं दाबून फिरवताना आटे भुगा झाले. खांदे पाडून तो वस्तादकडे आला.

वस्तादला तर मेजवानीच मिळाली. टॅप फिरवता फिरवता तोंड सुरू झालं.

"गरम इंजिनात प्लग फिरवतात का रे? तुला कुणी ड्रायव्हर म्हटलं?"

"तुम्हीच, दाजी. मालकीणबाईंना तुम्हीच सांगितलंत."

"तेच तर! माझं नाव लावलंय तुझ्या मागं. जरा लक्ष देत जा."

"हॉस्पिटलात चादरी पोचवायच्या होत्या..."

"चादरीवर झोपलेला माणूस पळून जात नाही! लक्ष, लक्ष म्हणतात ते हे. एका वेळी एक काम. हात इथं आणि डोकं तिथं, असं असतं तुझं."

शेजारचा टायरवाला आणि चहावाला येऊन उभे राहिले. बघे जमले की वस्तादला चेव यायचा. कॉईल बसली. पकडीनं शेपूट धरलं, मोडलं, आणि तीच पक्कड मेहुण्याच्या नाकासमोर नाचवत तो म्हणाला, "बेफिकिरी! तुझ्या हाडात मुरलीय बेफिकिरी!" टायरवाला हसला. वस्ताद खूश झाला, त्यानं प्लग उचलला आणि बसवला.

गाडी एका किल्लीत सुरू झाली. डबी खिडकीत गप्प होती. ती आपण होऊन थोडीच बोलणार?

थोड्या दिवसांनी वादळाचा फोन आला. वस्ताद गिऱ्हाइकांत बसला होता, त्यानं फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"दाजी, इंजिनात टिकटिक येतेय."

"घड्याळ बांधलंयस का हातात?"

"चेष्टा नाही हो. गाडी पळवली की टिकटिकही पळते. एकदा येऊन दाखवू का?"

"त्या गाडीचे आटे मी बसवलेत. आता तुझ्या डोक्याचे गेलेत, तिथंही एक कॉईल टाकू का?"

सगळे खो खो हसले. पलीकडून वादळही हसलं. लहानपणापासून त्याला तेवढं एक जमत होतं, स्वतःवरच्या विनोदाला हसणं. त्यानं मालकीणबाईंना सांगितलं, वस्ताद म्हणतात काही नाही. त्या म्हणाल्या, वस्ताद म्हणतात तर नसेल.

आणि मग एका दुपारी व्हॅननं निळा धूर सोडला आणि चढावर मान टाकली. दुसऱ्या गाडीनं ओढून ती वस्तादच्या दारात आणली.

त्याच संध्याकाळी सासूबाईंकडे सगळ्यांचं जेवण होतं. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या घरात प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागते, गुपितसुद्धा. वस्तादनं अजून बोनेटही उघडलं नव्हतं. पण पहिला घास गिळायच्या आत त्यानं निकाल दिला.

"तेल न बघता पळवली! इंजिन कोरडं जाळलं यानं!"

"काय म्हणतात?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्या लेकानं इंजिन जाळलं!" वस्ताद बेंबीच्या देठापासून ओरडला. "आणखी दोन वर्षं चाललं असतं ते इंजिन! ह्याच्या हातात दगड दिला तर दगडही मोडेल!"

वादळाची बायको ताटात बघत राहिली. सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं, आया बघतात तसं, म्हणजे रागावून नव्हे तर थकून. वादळ म्हणालं, "मी तेल रोज बघतो, दाजी." पण ते इतकं हळू म्हणालं की आईला ऐकू गेलं नाही. मग ते अर्ध्या ताटावरून उठलं.

मालकीणबाई फोनवर थोडक्यात बोलल्या. "वस्ताद, तुम्ही उघडून बघा. तुम्ही सांगाल ते खरं. तेल न बघणारा ड्रायव्हर मला नको. उद्या येते."

वादळाची नोकरी अशी वस्तादच्या जिभेवर येऊन बसली. जगातली सगळ्यात वाईट जागा.

सकाळी गॅरेजात बायको आली, डबा ठेवला, पण गेली नाही.

"काय गं?"

"माझ्या भावाचं चुकलं असेल तर चुकलं म्हणा. मी मध्ये पडणार नाही. पण नीट बघून म्हणा. काल बघायच्या आधीच म्हणालात."

"मला शिकवतेस?"

"नाही हो. तुम्हाला कोण शिकवणार," ती म्हणाली आणि गेली. हे शेवटचं वाक्य कौतुकाचं नव्हतं, एवढं वस्तादलाही कळलं.

त्यानं तेलाची पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेला. काळपट झालेलं, पण भरपूर. 'नंतर ओतलं असेल,' तो स्वतःशी म्हणाला. वरचं झाकण काढलं. कोरडं पळालेलं इंजिन आधी वरून मरतं, तिथला दांडा निळा पडतो, खरवडतो. हा दांडा नवऱ्या मुलासारखा चकचकत होता, तेलानं न्हालेला.

मग त्यानं चारही प्लग काढून चिंधीवर ओळीनं मांडले. तीन ठीक. तिसऱ्या सिलिंडरचा, म्हणजे त्यानं आटे बसवले त्याच भोकातला प्लग, टोकाशी मिटलेला होता. कुणीतरी आतून हातोडी मारल्यासारखा. प्लगला आतून हातोडी मारायला आत काहीतरी असावं लागतं.

वस्तादनं खिडकीकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

त्यानं दाबाचं मीटर लावलं. बाकी तिन्ही ठिकाणी काटा ताडकन वर गेला, तिसऱ्यात अर्ध्यावर लंगडला. चमचाभर तेल आत सोडून पुन्हा बघितलं, काटा थोडा सावरला. म्हणजे व्हॉल्व्ह नाही. पिस्टनच्या रिंगा नाहीतर सिलिंडरची भिंत. तरी त्यानं त्या भोकातून दाबाची हवा सोडली आणि डॉक्टरसारखा कान लावत फिरला. सायलेन्सरशी शांत. हवेच्या नळीशी शांत. तेलाचं झाकण उघडलं आणि कान लावला, तर आतून फुस्स करून लांबलचक आवाज. पिस्टनच्या बाजूनं हवा खाली तेलात पळत होती.

"गरम होऊन चिकटलं असेल," तो आता मोठ्यांदा म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणाला. आणि स्वतःचं खोटं स्वतःलाच ऐकू आल्यावर त्याचे कान तापले. गरम झालेलं इंजिन काय एकच सिलिंडर निवडून तापतं? इतक्या वर्षांत पोराटोरांना त्यानंच हे शिकवलं होतं.

तारेवरचा बारका कॅमेरा त्यानं आत सोडला. पडद्यावर भिंत दिसली. वरून खाली सरळ ओरखडे, नखांनी ओरबाडल्यासारखे. आणि पिस्टनचा माथा. देवीचे व्रण असावेत तसा खड्ड्याखड्ड्यांचा.

ज्या हेडला आयुष्यभर हात लावला नाही म्हणून मिरवला, ते हेड वस्तादनं उतरवलं. सगळी दुपार गेली. पिस्टनच्या कडेला, वरच्या रिंगेपाशी, ते अडकून बसलं होतं. झिजून तांदळाच्या कणीएवढं झालेलं. त्यानं चिमट्यानं उचललं, रॉकेलात धुतलं, तळहातावर घेतलं. लोहचुंबक जवळ नेलं. ते हललं नाही.

शेपूट.

मी सांगतो, अशा वेळी माणूस काय करतो. तो ओरडत नाही, रडत नाही. आधी दार बघतो, कुणी आलंय का. वस्तादनं दार बघितलं. मग मोरी बघितली. मोरीच्या जाळीतून हे शेपूट सहज गेलं असतं, आणि वस्तादचं नाव तसंच राहिलं असतं, वर्षानुवर्षं घासून चकचकीत केलेलं. एक नोकरी गेली असती, पण ती अशा माणसाची की ती गेल्याचं कुणालाच नवल वाटलं नसतं. अशी माणसं घरोघरी ठेवलेली असतात. आपापला केर त्यांच्या दारात लोटायला.

त्यानं हात धुतले. पुन्हा धुतले. साबणानं ग्रीस गेलं, पण त्याला आठवायला लागलं. रिकामी पक्कड नाचवली तो क्षण. टायरवाल्याचं हसू. 'एका वेळी एक काम' हे वाक्य कुणाच्या तोंडून निघत होतं आणि त्या वेळी हात काय करत होते, तेही. आणि सगळ्यात वाईट आठवली ती टिकटिक. ते हेच शेपूट होतं. पिस्टन वर आला की टिक, वर आला की टिक. वादळानं ते ऐकलं होतं. ज्याला वस्ताद हात इथं डोकं तिथं म्हणत होता, त्याचे कान बरोबर जागेवर होते. त्या दिवशी गाडी आणू दिली असती तर प्लग काढून, काडीला ग्रीस लावून, शेपूट वर काढता आलं असतं. चहा निवायच्या आत. इंजिन शेपटानं मेलं नाही. ते वस्तादच्या विनोदानं मेलं.

बाहेर पावलं वाजली. त्यानं शेपूट मुठीत धरलं.

मालकीणबाई आल्या, आणि त्यांच्या मागं वादळ. पहिल्यांदाच ते कुणाच्या तरी मागून आत येत होतं. दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा. नोकरी जायच्या दिवशी माणूस इस्त्री करून येतो, हे वस्तादच्या काळजात रुतलं.

"काय निघालं, वस्ताद?"

वस्तादनं तोंड उघडलं. आयुष्यात कधी न अडलेलं ते तोंड अडलं.

तेवढ्यात वादळच पुढं झालं. "बाई, दाजींना कशाला अवघडात टाकता? ते सांगणार नाहीत, मी सांगतो. चूक माझीच आहे." ते बोटं मोडत बोलत होतं. "रात्रभर विचार केला. मला आठवलं. परवा तेलाचा दिवा लागला होता, लाल. मला वाटलं उन्हाची तिरीप असेल. थांबायला पाहिजे होतं. नाही थांबलो."

वस्ताद बघत राहिला. कसला दिवा? तेल पट्टीच्या वरच्या खुणेला होतं. दिवा लागायचं कारणच नव्हतं. हा पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत होतं. लोकांनी इतकी वर्षं इतक्यांदा सांगितलं होतं की तूच, तूच, तूच, की आता त्याचं डोकं पुरावाही आपण होऊन तयार करायला लागलं होतं.

"लाल दिवा दिसूनही चालवलीस?" मालकीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, उतरला. "चावी दे."

वादळानं खिशातून चावी काढली. तिला लाँड्रीच्या नावाची एक छोटी पितळी पट्टी होती, ती त्यानं शर्टाला पुसली आणि टेबलावर ठेवली. "सॉरी हं, बाई," ते म्हणालं.

आणि वस्ताद गप्प होता. हे लिहिलंच पाहिजे, कारण नंतर लोक म्हणाले, वस्ताद मोठ्या मनाचा, लगेच बोलला. लगेच नाही बोलला. चावी टेबलावर पडेपर्यंत गप्प होता. वादळ वळून दाराकडे निघेपर्यंत गप्प होता. त्यातल्या एका क्षणाला त्याला सुटल्यासारखंही वाटलं, आणि तो क्षण तो मरेपर्यंत विसरणार नाही.

मग त्याचा हात पुढं आला. तोंड नव्हे, हातच. मूठ उघडली.

"हे काय?" मालकीणबाईंनी वाकून बघितलं.

"माझं आहे," वस्ताद म्हणाला. "आटे बसवले तेव्हा हे आत राहिलं. काढायचं राहून गेलं. मी बोलत होतो. या तुकड्यानं इंजिन फोडलं. तेल भरलेलं आहे. दिवा लागलाच नाही. लागूच शकत नाही."

मालकीणबाईंनी एकदा शेपटाकडे पाहिलं, एकदा वादळाकडे. "टिकटिक येतेय म्हणून हा मला सांगत होता."

"मलाही सांगितलं होतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"हसलो."

मालकीणबाईंनी चावी उचलून वादळापुढं धरली. "घे. वस्ताद, इंजिन बांधून द्या. तोवर मी दुसरी गाडी बघते. आणि एक सांगू? चूक केलीत त्याचं मला एवढं नाही वाटत. या पोराला तुम्ही दारापर्यंत जाऊ दिलंत, ते मी पाहिलं." त्या निघून गेल्या.

वादळ चावी हातात घेऊन उभं होतं. ते आनंदलं नाही. रागावलंही नाही, निदान आधी. ते गोंधळलं होतं.

"दाजी, पण मला दिवा दिसला होता."

"नाही रे."

"दिसला होता हो. लाल. मला अजून दिसतोय." त्याचा आवाज फुटला. "म्हणजे माझ्या डोक्यात मी घातला तो? बाकी काय काय घातलं असेल मी? लहानपणापासून जे जे फुटलं, ते सगळं मीच फोडलंय ना नक्की?"

वस्ताद खाली बघत म्हणाला, "माफ कर मला."

"ते इथं नको." वादळानं नाक पुसलं. आता मात्र राग आला होता, आणि तो त्याला शोभत होता. "इथं कोण आहे ऐकायला? तुम्ही ते ताटावर बोलला होतात. आईसमोर. माझ्या बायकोसमोर. तिथंच बोला. आणि जेवढ्या मोठ्यांदा तेव्हा बोललात ना, तेवढ्याच मोठ्यांदा."

जाताना ते दारापाशी थांबलं, खिडकीतली डबी काढून आणली आणि वस्तादपुढं धरली. वस्तादनं शेपूट आत टाकलं. झिजून इतकं बारीक झालं होतं की नेहमीसारखं टिंग वाजलंसुद्धा नाही.

संध्याकाळी सासूबाईंकडे पुन्हा ताटं मांडली गेली. वस्तादची बायको नवऱ्याच्या शेजारी बसायची, ती आज भावाच्या शेजारी बसली. वस्ताद घास मळत राहिला. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "ते इंजिन याच्यामुळं गेलं नाही. माझ्यामुळं गेलं."

त्याला वाटलं आपण बोललो. प्रत्यक्षात ते शब्द मिशीच्या बाहेरही धड पडले नव्हते. वादळाची बायको ताटातून वर बघायला लागली. त्याची स्वतःची बायको डोळे मिटून बसली होती. सासूबाई आपल्या शांतपणे जेवत होत्या.

वादळानं पाण्याचा पेला खाली ठेवला, अगदी हळू, आवाज न करता.

"आईला ऐकू आलं नाही, दाजी."